पगाराचा क्रमांक, खेळाचा क्रमांक आणि मधली गडबड

डेटा विश्लेषण शिकताना एनबीएच्या आकड्यांवर हात साफ केला नाही असा विद्यार्थी विरळाच. एक प्रयोग तर ठरलेलाच असतो: एका हंगामातले खेळाडू घ्या, पगारानुसार क्रमांक लावा, पीईआरसारख्या निर्देशांकानुसार दुसरे क्रमांक लावा आणि वजाबाकी करा. पगारात वर पण खेळात खाली, तो 'महागडा'. उलट असेल तर 'स्वस्त'. दिसायला छान, पण या निष्कर्षावर माझा आक्षेप आहे.

2015-16 चा हंगाम घ्या. कोबी ब्रायंटचा पगार अडीच कोटी डॉलर, लीगमध्ये सर्वाधिक. नेमबाजी जेमतेम 36 टक्के. स्टीफन करीला सुमारे 1.14 कोटी, तो पीईआरमध्ये पहिला आणि एकमताने एमव्हीपी. लगेच वाटतं, संघमालकांना काही कळत नाही.

पण करार कधी झाले ते बघा. करीचा 2012 मध्ये, त्याच्या घोट्याच्या दुखापतींची सगळ्यांना धास्ती होती तेव्हा. कोबीचा नोव्हेंबर 2013 मध्ये. म्हणजे पगार हा जुन्या माहितीवर बांधलेला अंदाज असतो, आणि आपण तो आजच्या कामगिरीशी जुळवतोय. शिवाय कोबीच्या नावावर खपणारी तिकिटं पीईआरमध्ये कुठेच येत नाहीत.

दुसरा मुद्दा नियमांचा. कमाल पगार अनुभवानुसार साधारणपणे सॅलरी कॅपच्या 25, 30 किंवा 35 टक्क्यांवर अडतो. पहिल्या फेरीत निवडलेल्या नवख्यांना 1995 पासून ठरलेली वेतनश्रेणी आहे. म्हणजे उत्तम तरुण खेळाडू 'स्वस्त' निघणार हे फाइल उघडण्याआधीच ठरलेलं असतं! तुम्ही बाजाराची चूक शोधलेली नसते, मालक आणि खेळाडूंच्या संघटनेतला करार पुन्हा शोधलेला असतो.

तिसरा मुद्दा मोजपट्टीचा. जॉन हॉलिंजरच्या पीईआरमध्ये लीगची सरासरी दरवर्षी 15 वर बसवलेली असते. बचावातलं त्याला चोरलेले चेंडू, ब्लॉक, रिबाउंड एवढंच दिसतं. समोरच्याला नीट नेमच धरू न देणारा खेळाडू त्यातून निसटतो. त्यात क्रमांक लावले की अंतरं पुसली जातात. मधल्या फळीत दशांशाच्या फरकाने खेळाडू कितीतरी जागा घसरतो.

मग हा विषय सोडायचा का? अजिबात नाही. प्रश्न नेमका करा. त्याच उन्हाळ्यात करार केलेले मुक्त खेळाडूच घ्या. त्यांची करारा*आधीची* दोन-तीन हंगामांची कामगिरी वापरा. पगार डॉलरमध्ये नको, कॅपच्या टक्क्यांत मोजा. कमाल मर्यादेला टेकलेल्यांसाठी टोबिटसारखं मॉडेल वापरा, कारण त्यांची खरी किंमत आपल्याला दिसतच नाही. आणि निर्देशांक बदलूनही निष्कर्ष टिकतो का, ते तपासा.

यातून येणारं उत्तर कदाचित कमी सनसनाटी असेल. पण 'महागडा' हा शिक्का शेवटी एका माणसावर बसतो. तो मारण्याआधी आपण त्याचा खेळ मोजतोय की लीगचे नियम, एवढं तरी आपल्याला सांगता आलं पाहिजे. तुमच्या प्रबंधात खेळाडूंच्या जागी रुग्ण असोत, शाळा असोत की कामगार, परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारतील.