सूर्यनमस्कारविषयक लेखनाची चिकित्सा : सांध्यांच्या हालचालींच्या संदर्भात

मराठी समाजातील व्यायामविचारात औंधचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांच्या सूर्यनमस्कारविषयक लेखनाचे स्थान वादातीत आहे. १९२८ मध्ये त्यांचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले; १९३८ मध्ये लुईझ मॉर्गन यांनी संपादित केलेले पुस्तक लंडनहून निघाले. आरंभी सँडोच्या पद्धतीने व्यायाम करणारे भवानराव पुढे नमस्काराकडे वळले, संस्थानातील शाळांत त्यांनी तो सक्तीचा केला आणि घरातील स्त्रियांनाही त्यात सामील करून घेतले. तालमीचे दार स्त्रियांना बंद असण्याच्या काळात ही गोष्ट लहान नव्हे. मात्र या लेखनाचा जितका गौरव झाला तितकी चिकित्सा झालेली दिसत नाही.

नमस्कारातील हालचाली सांध्यांच्या अंगाने तपासल्या असता एक मर्यादा स्पष्ट होते. पाठीचा कणा, कंबर, गुडघा, घोटा हे सारे पुढे वाकतात व मागे ताणले जातात. साष्टांग स्थितीत शरीर जमिनीपासून रेटले जाते, त्यामुळे छाती व दंडाच्या मागील स्नायूंना बळ मिळते. पण कण्याला पीळ देणे, पाय बाजूला नेणे, खांदा गोल फिरवणे आणि हातांनी ओढणे या चार क्रिया जवळजवळ अनुपस्थित आहेत. भवानरावांनी नमस्काराला सर्वांगीण व्यायाम मानले. सांध्यांच्या हिशेबाने ते विशेषण पूर्णतः टिकत नाही. त्यांचा मुख्य आधार स्वानुभव व इतरांचे अनुभवकथन हा आहे. त्याच काळात स्वामी कुवलयानंद क्ष-किरण व दाबमापनाच्या साहाय्याने यौगिक क्रिया तपासत होते आणि १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना केली, हे येथे लक्षात घ्यावे लागते.

ही उणीव केवळ तात्त्विक नाही. इंद्रायणीकाठचे चऱ्होली १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत समाविष्ट झाले. आज तेथील शेतांच्या जागी शैक्षणिक संकुले व गृहप्रकल्प उभे आहेत आणि भोसरी-चाकणचे कारखाने हाकेच्या अंतरावर आहेत. असेंब्ली लाइनवरील कामगार खाली वाकून भाग उचलतो व वाकलेल्या अवस्थेतच कमरेतून वळतो. कण्यावर याच जोड-हालचालीचा ताण अधिक येतो. बोलीभाषेत पाय मुरगळतो, कंबर लचकते, पाठीत उसण भरते. हे शब्दभेद पाठ्यपुस्तकांपेक्षा नेमके आहेत. मुरगळण्यात अस्थिबंध दुखावतो, लचकण्यात बहुधा स्नायू. हात सतत खांद्याच्या वर ठेवून काम करणाऱ्याच्या कंडरा मात्र हळूहळू झिजतात व त्याला नेमका दिवस सांगता येत नाही. अशा शरीराला केवळ पुढे-मागे वाकण्याचा सराव अपुरा पडतो. भरीस, भुजंगस्थितीत कंबर गरजेपेक्षा मागे मोडली किंवा दुखऱ्या मनगटावर भार टाकला, तर असलेले दुखणे बळावते. रथसप्तमीच्या सामुदायिक कार्यक्रमांत मात्र मोजली जाते ती संख्या. तळवा, कोपर व कंबर यांची ठेवण कोण पाहतो?

विशेष म्हणजे अनुपस्थित हालचाली याच परंपरेत उपलब्ध आहेत. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी पुढे आणलेल्या मल्लखांबात पकड व ओढ आहे, मुद्गल फिरवण्यात खांद्याचे परिभ्रमण आहे. शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासक्रमात हे प्रकार बहुधा प्रात्यक्षिकापुरते उरले. हलक्या मुद्गलाची एक जोडी आणि छताला बांधलेला दोर एवढे साहित्य कोणत्याही महाविद्यालयाच्या आवाक्यातले आहे.