‘पेत्रूस’ १९९२ : मातीचे श्रेय आणि माणसाचा हस्तक्षेप

फ्रान्समधील बोर्दो प्रांतात पोमरॉल नावाचा एक लहानसा द्राक्षपरिसर आहे. ‘पेत्रूस’ ही रेड वाइन तेथील अवघ्या साडेअकरा हेक्टरांच्या मळ्यातून येते. या मळ्यातील जवळजवळ सर्व लागवड मेर्लो या एकाच वाणाची आहे. शेजारच्या मेदोक भागातील वाइनना १८५५ मध्ये अधिकृत श्रेणी ठरवून देण्यात आल्या. पोमरॉलच्या वाट्याला अशी श्रेणी कधीच आली नाही. असे असूनही जगातील सर्वांत महागड्या वाइनमध्ये पेत्रूसची गणना होते. ही प्रतिष्ठा ज्या कल्पनेवर उभी आहे तिला फ्रेंच परंपरेत ‘तेरवार’ म्हणतात. विशिष्ट माती, उंचवटा व हवामान यांचा संयोग वाइनमध्ये उतरतो आणि वाइनकाराने त्याच्या वाटेत येऊ नये, असा तिचा आशय सांगता येईल. उत्तम हंगामात या कल्पनेची परीक्षा होत नाही, कारण त्या वर्षी सर्वांचेच पीक चांगले असते. प्रतिकूल हंगामात मात्र श्रेय नेमके कोणाचे, हा प्रश्न टाळता येत नाही. १९९२ ची पेत्रूस या प्रश्नाच्या चर्चेसाठी विशेष उपयुक्त ठरते.

मेर्लोचा स्वभाव प्रथम ध्यानात घ्यावा लागतो. हा वाण लवकर फुटतो, म्हणून वसंतातील दहिवर त्याला गाठते. त्याच्या फळाची साल पातळ असल्याने ओल्या हवेत कूज लवकर शिरते. फेब्रुवारी १९५६ मधील कडाक्याच्या थंडीने पोमरॉलमधील वेली मोठ्या प्रमाणावर मेल्या. अनेकांनी त्या उपटून नवी लागवड केली, परंतु पेत्रूसच्या तत्कालीन मालकीणबाई मादाम लुबा यांनी वेली बुंध्यापर्यंत छाटून जुन्या मुळांवरच पुन्हा वाढू दिल्या. त्यांच्या पश्चात १९६४ मध्ये ज्याँ-पिएर म्वेक्स या व्यापाऱ्याने मळ्यातील निम्मा हिस्सा घेतला. पुढे सर्व कारभार त्याच घराण्याकडे आला. एप्रिल १९९१ मध्ये पुन्हा दहिवर पडले आणि त्या वर्षीची पेत्रूस बाजारात आलीच नाही.

१९९२ चे संकट निराळे होते. उन्हाळा पावसाळी गेला, ऊन कमी पडले. फळ पिकण्याच्या वेळी जमिनीत पाणी मुरले की मुळे ते ओढून घेतात, मणी फुगतात आणि रस पातळ होतो. हे टाळण्यासाठी ख्रिस्तियाँ म्वेक्स यांनी सप्टेंबरमध्ये वेलींच्या ओळींमधील जमिनीवर काळे प्लास्टिक अंथरून घेतले. नाशिक किंवा सांगलीच्या बागायतदाराला द्राक्षबागेतील प्लास्टिक नवे नाही. पण तो ते वेलीच्या डोक्यावर घालतो. पेत्रूसमध्ये ते मुळांवर घातले गेले. फळ भिजले तरी चालेल, माती भिजता कामा नये, असा त्यामागील हिशेब होता.

येथेच खरी विसंगती दिसते. पेत्रूसची सारी ख्याती तिच्या निळसर चिकणमातीवर आधारलेली आहे. ही माती ओल लागताच फुगते, तिची छिद्रे मिटतात आणि जास्तीचे पाणी ती आत येऊ देत नाही, असे तिचे वर्णन नेहमी केले जाते. अशी माती लाभलेल्या मळ्याला प्लास्टिकची गरज का भासावी? मातीचे सामर्थ्य मर्यादित आहे, एवढे तरी या कृतीतून मान्य झाले असे म्हणावे लागेल. १९९२ ची पेत्रूस ही मातीची निर्मिती होती तितकीच मजुरीचीही होती. या घराण्याची इतर कामेही याच दिशेची आहेत. घडांची विरळणी करून पीक मुद्दाम कमी करण्याची पद्धत त्यांनी १९७० च्या दशकात, शेजाऱ्यांचा रोष पत्करून, सुरू केली. दव सुकल्यावर, दुपारीच तोडणी करण्याची त्यांची शिस्तही प्रसिद्ध आहे. पावसानंतर घड सुकवण्यासाठी मळ्यावर हेलिकॉप्टर फिरवण्यापर्यंत त्यांची मजल गेली. यांपैकी काहीही निंद्य नाही. परंतु इतके सारे करूनही ‘कर्ता गप्प राहतो आणि माती बोलते’ ही भाषा वापरणे प्रामाणिकपणाचे नव्हे.

कायद्याने या प्रश्नाला दिलेले उत्तर तर अधिकच बुचकळ्यात टाकणारे आहे. २००० मध्ये सँ-तेमिलियोंच्या वालांद्रो या मळ्याच्या काही भागात असेच प्लास्टिक अंथरले गेले. उगमनामांचे नियंत्रण करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने जमिनीच्या नैसर्गिक स्थितीत ढवळाढवळ झाल्याचे सांगून त्या वाइनला परिसराचे नाव नाकारले. ती सामान्य ‘टेबल वाइन’ म्हणून ‘लँतेर्दी’, म्हणजे ‘निषिद्ध’, या खोचक नावाने विकली गेली. १९९२ च्या पेत्रूसने मात्र पोमरॉल हे नाव गमावले नव्हते. शिवाय रसात साखर मिसळून मद्यार्काचे प्रमाण वाढवण्यास बोर्दोत परवानगी आहे, आणि यंत्राद्वारे रसातील पाणी काढून टाकण्यासही पुढे मान्यता मिळाली. म्हणजे रसात आलेले पाणी तळघरात काढणे चालते, मळ्यात अडवणे चालत नाही. या नियमामागील तर्क नैतिक आहे की केवळ सोयीचा, हे समजणे कठीण आहे.

समीक्षकांची स्थिती याहून फारशी वेगळी नाही. अशा वाइनचे मूल्यमापन बहुधा ‘त्या वर्षाच्या मानाने उत्तम’ या शब्दांत होते. परीक्षक म्हणून काम केलेल्या प्राध्यापकांना हे कृपागुण ओळखता येतील. वर्ग कच्चा होता म्हणून उत्तरपत्रिका पक्की ठरत नाही. त्यातच नावाचे वजन पडते. फ्रेदेरिक ब्रोशे या बोर्दोच्या संशोधकाने एकच वाइन दोन बाटल्यांतून, एकदा सामान्य व एकदा उच्च प्रतीची म्हणून, चाखण्यास दिली असता आस्वादकांची विशेषणे चिठ्ठीप्रमाणे बदलली होती. तेव्हा कठीण वर्षाच्या पेत्रूसमध्ये आढळणारी ‘मातीची खोली’ पेल्यात किती व चिठ्ठीवर किती, हा संशय रास्त आहे. हंगामाची सबब आणि नावाचा दबदबा हे दोन्ही बाजूला ठेवून जो परिच्छेद लिहिता येईल, तेवढीच त्या वाइनची समीक्षा होय.

या चर्चेत एक गोष्ट सहसा दुर्लक्षित राहते. १९९१ मध्ये वाइन न काढण्याच्या निर्णयाचे ‘गुणवत्तेसाठी त्याग’ असे कौतुक झाले. तो निर्णय योग्यच होता. परंतु म्वेक्स घराण्याकडे इतर मळे होते, लिबूर्नमध्ये व्यापारी पेढी होती. पोमरॉलमधील बहुतेक मळे काही मोजक्या हेक्टरांचे आहेत. ज्याचे सर्व उत्पन्न तेवढ्या एका मळ्यावर अवलंबून आहे, त्याला वर्ष वगळणे परवडत नाही. हेलिकॉप्टरचे भाडे तर दूरच. त्याची पातळ वाइन बाजारात येते, समीक्षक तिच्यावर कमकुवत असा शेरा मारतो आणि दोष त्याच्या मातीला देतो. पेत्रूसच्या कुंपणाला लागून असलेल्या जमिनीवरही त्या सप्टेंबरमध्ये तोच पाऊस पडला होता.