बांडा नेइरा : राहिलेल्यांचं गाव

बांडा नेइराला बोटीनेच जावं. इंडोनेशियातल्या अंबोन बंदरातून पेल्नी या सरकारी कंपनीचं जहाज सुटतं आणि रात्रभर बांडा समुद्र कापत जातं. या समुद्राच्या पूर्व भागातली वेबर घळ सात किलोमीटरांहून खोल आहे. अशा पाण्यातून बांडाची दहा-अकरा लहान बेटं वर आली आहेत, आणि त्यांतलं जेमतेम तीन किलोमीटर लांबीचं नेइरा हे साऱ्यांचं बंदर, बाजारपेठ आणि कचेरीचं ठिकाण आहे. एवढ्या लांबून आणि एवढ्या सावकाश इथे पोचलं म्हणजे गावाचा पहिला गुण आपोआप कळतो. आजूबाजूला काहीच नसताना हे गाव इथे आहे.

आधी दिसतो गुनुंग आपी, थेट समुद्रातून उठलेला सुमारे साडेसहाशे मीटर उंचीचा जागता ज्वालामुखी. जहाज त्याच्या कुशीतल्या अरुंद खाडीत वळतं आणि एकाएकी लाटा थांबतात. एका हाताला डोंगर, दुसऱ्या हाताला गाव आणि समोर लोंथोर बेटाची लांबच लांब हिरवी भिंत. पाणी इतकं शांत का, याचं उत्तर त्या भिंतीच्या चंद्रकोरीसारख्या वळणात आहे. लोंथोर आणि नेइरा हे एका जुन्या, खचलेल्या ज्वालामुखीच्या काठाचे उरलेले तुकडे; मधल्या खळग्यात समुद्र शिरला आणि त्याच खळग्यात नवा डोंगर उगवला. म्हणजे हे बंदर एका विवरात वसलेलं आहे. ज्या आगीने बेट फोडलं, तिनेच जहाजांना आसरा दिला आणि जायफळाच्या झाडांना माती दिली. बांडात भूगोल आणि इतिहास वेगवेगळे वाचताच येत नाहीत.

जहाज धक्क्याला लागलं की डेकवरून गाव खाली दिसतं; जहाज गावातल्या कुठल्याही घरापेक्षा उंच असतं. मग काही तास सारं नेइरा धक्क्यावर असतं. पोती, कोंबड्या, बर्फातले मासे, परतलेली मुलं, निघालेल्या म्हाताऱ्या. जहाज गेलं की गाव पुन्हा आपल्या मापाचं होतं. रस्ते अरुंद, घरं बैठी, पुढे जाड गोल खांबांचे सोपे. दुपारी सोप्याची सावली रस्त्याच्या मध्यापर्यंत येते. उन्हात चटया अंथरलेल्या असतात आणि त्यांवर जायफळं, जायपत्री, लवंगा वाळत असतात. कुठेतरी वळणावर गंजलेली तोफ पडलेली असते आणि तिच्यावर कोणीतरी टॉवेल वाळत टाकलेला असतो. इथल्या जुन्या वस्तूंना काचेच्या कपाटात ठेवलेलं नाही. त्या वापरात आहेत, म्हणून जिवंत आहेत.

गावामागच्या टेकडीवर बेल्जिका किल्ला आहे. डचांनी तो १६११ मध्ये बांधला आणि पुढे १६७० च्या दशकात त्याला आजचा आकार दिला: पंचकोनात पंचकोन, आतल्या प्रत्येक कोपऱ्यावर गोल बुरूज. सह्याद्रीतले किल्ले पाहिलेल्या नजरेला हा किल्ला आधी परका वाटतो. आपल्याकडे तट डोंगराच्या धारेने वाहत जातो, कातळ जिथे नेईल तिथे वळतो. बेल्जिका आधी कागदावर आखला आणि मग टेकडीवर ठेवला. त्याच्या रेषांची नेटकी, निर्विकार भूमिती खरोखर देखणी आहे, आणि तिचा हेतू समजला की अंगावर काटा येतो. वर उभं राहिलं की बंदर, खाडी, डोंगर, समोरच्या जायफळाच्या बागा, सगळं एका नजरेत येतं. पाहणाऱ्याला आज जे दृश्य म्हणून आवडतं, ते त्या काळी पाळतीसाठी निवडलेलं ठिकाण होतं. इंडोनेशियाच्या एक हजार रुपियाच्या नोटेवर बांडा नेइरा छापलेलं आहे, त्यामुळे हा देखावा देशभर खिशाखिशात आहे.

पाळत ठेवायची होती ती एका झाडावर. जायफळ मूळचं याच बेटांचं. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत जगाला अस्सल सुगंधी जायफळ पुरवणारी जागा म्हणजे हा समुद्रातला मूठभर प्रदेश. पश्चिम घाटातली रामपत्री त्याच कुळातली, पण तिला तो वास नाही. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांतलं जातीफल, श्रीखंडात आणि पुरणात किसलेलं, बाळगुटीत सहाणेवर उगाळलेलं जायफळ, हे सारं शतकानुशतकं कितीतरी हातांतून फिरत इथूनच येत होतं. आज कोकणातल्या नारळी-सुपारीच्या बागांत जायफळ सुखाने वाढतं, म्हणून ते आपल्याला घरचं वाटतं. त्याचं माहेर मात्र हे आहे.

होडीने लोंथोरला जावं आणि पायऱ्या चढून बागेत शिरावं. वर केनारीची प्रचंड झाडं, बुंध्याशी भिंतीसारखी पसरलेली मुळं. त्यांच्या सावलीत, वाऱ्यापासून जपलेली जायफळाची झाडं. फळ पिकलं की पिवळं होतं, मधोमध उकलतं आणि आत लालभडक जायपत्रीच्या जाळीत गुंडाळलेली काळी चकचकीत बी दिसते. बागवान लांब बांबूच्या टोकाला बसवलेल्या छोट्या टोपलीने फळ हलकेच खुडतो. या साधनाला इथे गाई-गाई म्हणतात. ओली जायपत्री हातात घेतली तर ती मेणासारखी लवचिक लागते. वाळली की लालपणा जाऊन केशरी, पिवळसर होते. बागेत वास दाटून येत नाही. तो फळ फोडल्यावर, पान चुरगळल्यावर येतो. जगाला वेड लावणारा हा सुगंध आपल्या जागी इतका अबोल आहे.

याच बागांवरून बांडाचा मुख्य प्रसंग घडला. डचांना जायफळाची मक्तेदारी हवी होती आणि बांडावासी जावानीज, मलय, अरब, इंग्रज अशा सगळ्यांना माल विकत होते. १६२१ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर-जनरल यान पीटरस्झून कून आरमार घेऊन आला. डचांच्या नासाऊ किल्ल्याबाहेर बेटांच्या ४४ म्होरक्यांची, म्हणजे ओरांग काया मंडळींची, जपानी भाडोत्री सैनिकांकडून मुंडकी उडवली गेली. आक्रमणाआधी या बेटांवर सुमारे १५,००० माणसं होती असा अंदाज आहे. नंतर हजाराच्या आसपास उरली. कोणी मारले गेले, कोणी उपासमारीने गेले, कोणाला गुलाम करून बटाविया येथे नेलं, कोणी होड्यांतून पळाले. मग जमिनीचे ६८ तुकडे पाडून ते डच मळेवाल्यांना दिले गेले आणि त्यांवर राबायला दूरदूरहून गुलाम आणले गेले. वेंगुर्ल्यात डच वखारीचे भग्नावशेष ज्यांनी पाहिले आहेत, त्यांनी हे लक्षात ठेवावं की ती वखार याच कंपनीने १६३७ मध्ये सुरू केली. मसाल्याच्या व्यापाराचा आपण वाचतो तो सुगंधी इतिहास आणि हा रक्ताचा इतिहास एकाच वहीत लिहिलेले होते.

बांडातल्याच रुन बेटाची गोष्ट सगळे सांगतात: १६६७ च्या ब्रेडा तहात इंग्रजांनी रुनवरचा हक्क सोडला आणि मॅनहॅटन त्यांच्याकडे राहिलं. गोष्ट खरी आहे, पण तिच्यात बांडाची माणसं कुठेच नाहीत. मला त्या माणसांत अधिक रस आहे.

इथल्या आजच्या बहुतेक लोकांचे पूर्वज बाहेरून आलेले आहेत: आणलेले गुलाम, पुढच्या काळातले मजूर, जावा, बुटोन आणि सुलावेसीकडून आलेले खलाशी आणि व्यापारी, अरब, चिनी. पळून गेलेल्या मूळ बांडावासीयांचे वंशज पूर्वेकडच्या कै बेटांवर बांडा एली आणि बांडा एलात या गावांत राहतात आणि बांडाची जुनी भाषा तिथे बोलली जाते. खुद्द बांडात ती कोणी बोलत नाही. तरीही १६२१ च्या मृतांचं स्मरण नेइरात होतं. परिगी रांते विहिरीपाशी त्यांचं स्मारक आहे. परंपरागत गावकीची घरं आहेत, त्यांचे विधी आहेत. चाकालेले हे युद्धनृत्य मालुकू बेटांत सगळीकडे नाचलं जातं, पण बांडात त्याला त्या हत्याकांडाची आठवण जोडलेली आहे. नाचणाऱ्यांचा त्या म्होरक्यांशी बहुधा रक्ताचा संबंध नसतो. ते त्या जमिनीवर राहतात, एवढंच नातं. आणि ते त्यांनी पुरेसं मानलं. बांडा नेइराचं माझ्या लेखी सर्वांत मोठं सौंदर्य हे आहे. किल्ला, डोंगर आणि बागा या त्याच्या मागे उभ्या आहेत.

ही एक गोष्ट ध्यानात आली की गावातलं बाकीचं सारं नव्या अर्थाने दिसू लागतं. पूर्वी लढायांत वापरलेल्या लांबलचक होड्यांच्या आता गावागावांत शर्यती होतात. ढोल आणि झांजांच्या ठेक्यावर वल्ही एकदम पडतात. कंपनीच्या तिजोरीसाठी जपलेल्या फळाचा गर, ज्याला व्यापारात किंमतच नव्हती, तो घरोघरी साखरेत मुरतो. सकाळच्या न्याहारीला जायफळाच्या गराचा आंबटगोड मुरंबा असतो. जेवणात माशाच्या पातळ रश्शात त्याच गराच्या फोडी पडतात आणि चिंच-कोकमाचं काम करतात. तळलेल्या वांग्यावर वाटलेल्या केनारीच्या दाण्यांचा दाट, बदामासारखा रस्सा येतो. हे सगळं स्वयंपाकघर त्या बागेतून उभं राहिलं, आणि मालकांच्या ताटातलं नव्हे तर राबणाऱ्यांच्या हातातलं राहिलं.

गव्हर्नरांचा जुना वाडाही पाहावा. खांब, संगमरवर, समुद्राकडे उघडणारी दालनं, आणि जवळपास सगळं रिकामं. तिथल्या एका काचेवर १८३१ सालची, फ्रेंचमध्ये ओरखडलेली एक कविता आहे. इथून सुटका कधी होईल असा तिचा सूर आहे. राज्य करायला आलेल्याला घराची ओढ होती, त्याची खूण काचेवर राहिली. ज्यांना परतायला घरच उरलेलं नव्हतं, त्यांनी इथे गाव उभं केलं.

डचांनी पुढे या बेटाचा उपयोग विरोधकांना दूर ठेवायला केला. मोहम्मद हत्ता आणि सुतान शाहरीर या स्वातंत्र्यलढ्यातल्या नेत्यांना १९३६ मध्ये पापुआच्या बोवेन डिगुल छावणीतून इथे आणलं. हत्ता पेट्या भरून पुस्तकं घेऊन आले, ठरल्या वेळी फिरायला निघायचे. दोघांनी गावातल्या मुलांना शिकवायला घेतलं. शाहरीर यांनी काही मुलांना आपलंच मानलं. १९४२ च्या सुरुवातीला जपानी आक्रमणाच्या तोंडावर पाण्यावरच्या विमानाने दोघे बाहेर पडले, तेव्हा त्यांतली काही मुलं त्यांच्याबरोबर होती. त्यांच्या शिष्यांपैकी देस अल्वी पुढे मुत्सद्दी झाले आणि उतारवयात बांडाच्या जपणुकीसाठी झटले. हत्ता देशाचे पहिले उपराष्ट्रपती झाले, शाहरीर पहिले पंतप्रधान. त्यांची घरं आजही आहेत: साधी, उजेडाची, अंगणात वर्गाची बाकं. किल्ल्याइतकाच वेळ या दोन घरांना द्यावा. शिक्षा म्हणून मिळालेल्या जागी माणूस काय करू शकतो, ते त्या बाकांवरून कळतं.

गाव निष्कलंक आहे असं मी म्हणणार नाही. १९९९ मध्ये मालुकूत पेटलेला धार्मिक हिंसाचार इथवर पोचला आणि अनेक ख्रिस्ती कुटुंबं बेट सोडून गेली. राहण्याचं नातं तुटूही शकतं, हे गावाने पाहिलं आहे. आणि डोंगरही आहेच. मे १९८८ मध्ये गुनुंग आपीचा उद्रेक झाला, लाव्हा उतारावरून समुद्रात उतरला, हजारो लोकांना बेटं सोडावी लागली. लोक परत आले. लाव्हाने जाळलेल्या समुद्रतळावर काही वर्षांतच प्रवाळ इतक्या झपाट्याने वाढलं की अभ्यासकांनी त्याची दखल घेतली. आज तिथे पाण्यात उतरलं तर काळ्या खडकावर मेजासारखी पसरट प्रवाळं थरावर थर दिसतात. आणि खुद्द बंदरात, धक्क्याजवळच्या दगडगोट्यांत, दिवस मावळताना निळ्या-नारिंगी नक्षीचे मँडरीन मासे जोडीजोडीने वर येतात. रोज ज्यावर पोती पडतात, त्या धक्क्याखाली हे चालतं.

इथे घाईने येऊ नये. पुढचं जहाज येईपर्यंत थांबावं लागतं, ते या गावाच्या आस्वादाला फार पोषक आहे. पहिल्या दिवशी डोळे सुखावतात. नंतर इतिहास कळतो आणि तेच डोळे खाली झुकतात. त्यानंतर हळूहळू माणसं दिसू लागतात, आणि तिथे या गावाचा खरा रस सुरू होतो. रोझेनगाइन आणि पिसांग या दोन बेटांना आता हत्ता आणि शाहरीर अशी नावं आहेत. ज्यांना कैदी म्हणून आणलं, ते नकाशावर बेटं होऊन राहिले.

जमिनीचा वारस कोण, हे ठरवताना आपण बहुधा वंशावळ मागतो. बांडा नेइरा वेगळा दाखला मागतं. तुम्ही जिथे राहता, तिथे तुमच्याआधी कोण मारलं गेलं हे तुम्हाला ठाऊक आहे का, आणि ते आपले होते असं तुम्ही म्हणता का? गुलामांच्या आणि खलाशांच्या पोरांनी ४४ अनोळखी माणसांना आपले पूर्वज मानलं. या एका कृतीने हे बंदर त्यांचं झालं. कुठल्याही किल्ल्याला ते जमलं नव्हतं.