कुमारप्पांचा हिशेब आणि आंजीची काळी जमीन

शहर सोडावे, चार एकर जमीन घ्यावी आणि घरच्या धान्यावर राहावे, ही इच्छा अलीकडे सुशिक्षित कुटुंबांत पुन्हा बोलून दाखविली जाते; आणि अशा वेळी वर्धा जिल्ह्याचे नाव हटकून निघते. सबब जे. सी. कुमारप्पा यांचा 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स' हा १९४५ साली प्रसिद्ध झालेला, तुरुंगात लिहिलेला ग्रंथ आम्ही आर्वीच्या वाटेवरील आंजी (मोठी) हे गाव डोळ्यांपुढे ठेवून पुन्हा वाचला.

वाघ, वानर, पक्षी, मधमाशी व आई यांच्या दृष्टान्तांनी अर्थव्यवहाराच्या पायऱ्या सांगणारा भाग वाचनीय आहे. पण दृष्टान्ताने कोठी भरत नाही. ग्रंथाचे खरे मोल पुढील मांडणीत आहे. एक लाख वस्तीचा समतोल आहार आधी ठरवावा आणि त्यावरून कोणत्या पिकाखाली किती जमीन हवी ते काढावे, असे कुमारप्पा म्हणतात. जमिनीचे माप बाजारभावाने न घेता ताटावरून घेणे, हा विचार आमच्या मते आजही अजोड आहे.

आंजीकडच्या काळ्या जमिनीत या विचाराची प्रचीती उलट्या बाजूने येते. या मुलखात ज्वारी मागे पडली आणि सोयाबीन आले, तेव्हा नुसती भाकरी गेली नाही. कडबा गेला, कडब्यावाचून बैल पोसणे जड झाले, आणि बैलामागोमाग शेणखतही गेले. ही साखळी अर्थशास्त्राच्या पदवीधरांस सहसा दिसत नाही. कुमारप्पांस ती दिसली असती.

तथापि त्यांच्या कोष्टकात कोरड्या सालासाठी रकाना नाही, दुखण्यासाठीही नाही. कपाशी लावणारा शेतकरी लोभापायीच ती लावतो असे थोडेच आहे! औषध, शाळा आणि लग्न यांस रोकडच लागते. कर्ज व आत्महत्यांनी ग्रासलेल्या विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी २००६ साली पंतप्रधानांनी साहाय्य योजना जाहीर केली, त्यांत वर्धा होता. खुद्द गांधीजी १९३६ साली सेगावात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, राहावयास गेले ते जमनालाल बजाजांच्या पाठबळावर. आणि त्याच वर्षी त्यांस हिवतापाने गाठले. आज आंजीस सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्र आहे. ते काही गावच्या धान्यातून उभे राहिलेले नाही.

जमीन घेऊ पाहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. विदर्भासाठी असलेल्या १९५८ च्या कुळवहिवाट कायद्यान्वये बिगरशेतकऱ्यास, परवानगीवाचून, शेतजमीन विकत घेता येत नाही. ज्यांच्या नावे वडिलोपार्जित सातबारा आहे त्यांनी कुमारप्पांचे कोष्टक अवश्य पुढ्यात घ्यावे. मात्र विहिरीस मे महिन्यात पाणी किती राहते, हे आधी शेजारच्या शेतकऱ्यास विचारून यावे.