‘नायकाचा प्रवास’ आणि आमच्या मुलांची आपबीती

उर्दू शाळेत शिकलेल्या कोणालाही ‘आपबीती’ हा निबंधप्रकार ठाऊक असतो. फाटक्या छत्रीची आपबीती, एक रुपयाच्या नाण्याची आपबीती. मराठीच्या तासाला त्यालाच ‘मनोगत’ म्हणतात. नाणे टांकसाळीत जन्मते, हातोहात फिरते, झिजते आणि शेवटी मुलांना काटकसरीचा उपदेश करते. इतकी वर्षे वह्या तपासल्या, पण या नाण्याने कधी काही नवे सांगितले नाही. नाण्याची कहाणी विचारायची आणि मुलाची स्वतःची विचारायचीच नाही, हा आम्हा शिक्षकांचा जुना दोष आहे.

त्यावर उतारा म्हणून मी ‘नायकाचा प्रवास’ हा आराखडा वर्गात वापरून पाहिला. अमेरिकन अभ्यासक जोसेफ कॅम्पबेल यांनी १९४९ साली ‘द हीरो विथ अ थाउजंड फेसेस’ या ग्रंथात जगभरच्या पुराणकथांतून तो मांडला. नायक घर सोडतो, उंबरठा ओलांडतो, परीक्षा देतो आणि काहीतरी मोलाचे घेऊन परततो. असे एकूण १७ टप्पे. पुढे ख्रिस्तोफर व्होग्लर यांनी १९९२ च्या आपल्या पुस्तकात पटकथाकारांसाठी त्यांचे १२ केले. लेखनवर्गांत बहुधा हाच आटोपशीर साचा चालतो.

साच्याचा फायदा झाला, हे आधी कबूल करतो. ‘उंबरठा कुठे आहे?’ एवढा एकच प्रश्न विचारला, तरी मुले ‘मी सकाळी उठलो, दात घासले’ इथून सुरुवात करणे सोडतात.

आठवीतल्या एका मुलीने लिहिले होते. अम्मीला ताप, म्हणून शिवलेला माल मालाडला पोचवायला ती पहिल्यांदाच एकटी गेली. पैसे घेऊन परतताना लेडीज डब्यातल्या गर्दीने तिला मीरा रोडला उतरूच दिले नाही. भाईंदरलाही तेच. मग खाडीचा पूल आला. दोन्ही बाजूंना पाणी, आणि ओढणीच्या गाठीत दुसऱ्याच्या मेहनतीचे पैसे. नायगावला ती कशीबशी उतरली. इथपर्यंतचे लेखन इतके सच्चे होते की लाल पेन खाली ठेवले. शेवटचे वाक्य मात्र असे: ‘या प्रवासाने मला धाडसी बनवले.’ पुन्हा नाणेच बोलू लागले!

दोष मुलीचा नव्हता, मी दिलेल्या शेवटच्या टप्प्याचा होता. कॅम्पबेलच्या मांडणीत ‘परतण्यास नकार’ हा स्वतंत्र टप्पा आहे. व्होग्लरच्या १२ टप्प्यांत तो स्वतंत्रपणे उरत नाही. तिथे नायक ‘अमृत’ घेऊन घरी येतोच, आणि वर्गात त्या अमृताचे तात्पर्य होते. आपल्या किश्शांत तरी असे कुठे आहे? हातिमताई हुस्नबानोच्या सात सवालांसाठी सात वेळा रानोमाळ भटकतो, पण मुनीर शामीसाठी. प्रत्येक जवाब दुसऱ्याच्या कामी येतो. ‘मी काय शिकलो’ हा हातिमचा सवालच नाही.

मराठीत यापेक्षा अवघड उदाहरण हमीद दलवाईंच्या ‘इंधन’चे. १९६५ सालच्या या कादंबरीत परतणे हा शेवट नसून आरंभ आहे. हृदयविकाराने खचलेला निवेदक वर्षांनंतर कोकणातल्या आपल्या गावी येतो. गाव डोळ्यांदेखत पेटत जाते आणि त्याच्याजवळ देण्यासारखे काही नसते. साच्याने मोजले तर हा नायक नापास. माझ्या मते कादंबरीचे बळ नेमके या नापास होण्यात आहे. दलवाईंच्या इतर विचारांशी आपल्यापैकी अनेकांचे पटत नाही, माझेही सर्वस्वी पटत नाही. पण निवेदकाच्या हाती खोटे अमृत न देण्याची त्यांची शिस्त आम्ही शिकवणाऱ्यांनी घ्यायला हवी.

आमच्या नयानगरात तर ‘परतणे’ हा शब्दच जपून वापरावा लागतो. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईच्या वस्त्या सोडून कितीतरी कुटुंबे मीरा रोडला आली. त्यांच्या नातवंडांना ‘नायक शेवटी आपल्या घरी परततो’ असे फळ्यावर लिहून देताना खडू अडखळतो. कोणत्या घरी?

त्या मुलीला मी विचारले, ‘घरी पोचल्यावर काय झाले?’ ती म्हणाली, ‘कुछ नहीं, सर. अम्मीने पैसे गिने. पूछा, देर क्यों हुई? मैंने कहा, ट्रेन लेट थी.’

मी म्हटले, धाडसाचे वाक्य खोड आणि हे लिही. तिने विचारले, ‘परीक्षेत असे चालेल?’ मला लगेच हो म्हणता आले नाही. मुलीने ते वाक्य खोडले. निबंध आता मोजलेल्या नोटांवर संपतो. नोटा बरोबर भरल्या होत्या.