भूमिगत आवाजाची नायिका

दुसऱ्या महायुद्धातील प्रतिकाराचे चित्रपट म्हटले की युरोपातील अंधाऱ्या गल्ल्या आणि कोटाखाली दडविलेली पिस्तुले आम्हांस आठवतात. १९४२ साली मुंबईत जो प्रतिकार झाला त्याचे एक शस्त्र मात्र निराळे होते, ते म्हणजे मानवी आवाज. कन्नन अय्यर यांचा 'ऐ वतन मेरे वतन' (२०२४) हा हिंदी चित्रपट काँग्रेस रेडिओची आणि उषा मेहता यांची कथा सांगतो. उस्ताद अमीर खाँ यांच्या संथ आलापीचा वारसा सांगणाऱ्या इंदुरात बसून तो पाहताना आमचे लक्ष दृश्यापेक्षा स्वराकडे अधिक जावे, हे स्वाभाविकच होय.

मूळ घटनाच विलक्षण आहे. नेते तुरुंगात गेलेले, वृत्तपत्रे जखडलेली. अशा वेळी २७ ऑगस्ट १९४२ रोजी ४२.३४ मीटरवर हे गुप्त केंद्र बोलू लागले. त्यामागे राममनोहर लोहिया, अच्युतराव पटवर्धन यांसारखे भूमिगत नेते होते. आष्टी-चिमूरच्या अत्याचारांची वार्ता या केंद्राने देशास ऐकविली. पोलिसांना चुकविण्यासाठी जागा वारंवार बदलावी लागे. अखेर एका तंत्रज्ञाच्या फितुरीने १२ नोव्हेंबरला छापा पडला. त्या वेळी उषाबाई अवघ्या बावीस वर्षांच्या होत्या.

जितके अधिक बोलावे तितका शोध घेणारा जवळ येतो, हा या कथेतील ताण. येथे बोलणे हेच धाडस असते. यंत्रे आणि पोलिसांची गाडी यांच्या साहाय्याने दिग्दर्शकाने हा ताण उत्तरार्धात चांगला साधला आहे. मात्र विठ्ठलदास खाकर, चंद्रकांत झवेरी यांसारख्या खऱ्या सहकाऱ्यांऐवजी कल्पित मित्र आणून त्याने सामुदायिक कार्याला एका व्यक्तीच्या प्रेमभंगाची व त्यागाची चौकट दिली, हे आम्हांस रुचले नाही.

आता मुख्य भूमिकेविषयी. सारा अली खान यांनी उषाबाईंचे तारुण्य, घाई आणि निष्ठा मनापासून दाखविली आहे. न्यायाधीश असलेल्या पित्याशी (सचिन खेडेकर) होणाऱ्या संघर्षात मुलीची माया आणि तिचा हट्ट एकाच वेळी दिसतात, आणि तेथे त्यांचा अभिनय खरा वाटतो. परंतु ध्वनिक्षेपकासमोर त्या बसल्या की भाषण सुरू होते. बंद खोलीत, चाहूल घेत, न दिसणाऱ्या श्रोत्याशी बोलणारी स्त्री असे ओरडून बोलणार नाही. तिचा आवाज दबलेला असेल आणि त्या दबलेपणातूनच त्याचे बळ प्रकटेल. इम्रान हाश्मी यांचे लोहिया थोडक्यात बोलतात, म्हणूनच लक्षात राहतात. दोष सर्वस्वी अभिनेत्रीचा नाही. संवादलेखकाने तिच्या तोंडी विचारांपेक्षा घोषणाच अधिक दिल्या आहेत.

आमचा खरा आक्षेप याहून खोल आहे. अटकेनंतर महिनोन्‌महिने झालेल्या चौकशीत उषाबाईंनी तोंड उघडले नाही. खटल्यातही उत्तरे देणे बंधनकारक नाही असे कळताच, स्वतःच्या बचावासाठीदेखील उत्तर देणार नाही, असे त्यांनी सांगितले. चार वर्षांची शिक्षा त्यांनी येरवड्यात भोगली आणि १९४६ साली त्या सुटल्या. जिचा आवाज देशभर गेला, तिने त्या आवाजाचे रक्षण मौनाने केले. या चरित्राची नाट्यमयता या विरोधातच आहे. आवाज पुष्कळांना देता येतो. तो कोठे आवरावा हे जाणणे ही तपश्चर्या असते. या मौनाला चित्रपटात मिळावयास हवा होता तेवढा अवकाश मिळालेला नाही, आणि म्हणून नायिका धाडसी वाटते, थोर वाटत नाही.

तरीही या प्रयत्नाचे आम्ही स्वागत करतो. २००० साली निधन पावलेल्या या विदुषीचे नाव नव्या पिढीच्या कानी पडले, हे लहान काम नव्हे. तिचा खरा स्वर ऐकविणारी कलाकृती मात्र अजून व्हावयाची आहे.