खांद्यावरची टेप आणि 16.9 अंश: एक पेपर कसा वाचायचा?

पीएचडीच्या कोर्सवर्कमध्ये आम्हाला एक असाइनमेंट होती. आपल्या विषयाबाहेरचा एक पेपर घ्यायचा आणि त्याचं परीक्षण लिहायचं. नेमका त्याच महिन्यात आईचा खांदा धरला होता आणि फिजिओथेरपीहून ती निळी चिकटपट्टी लावून आली होती. म्हटलं, चला, विषय मिळाला. थेलेन, डॉबर आणि स्टोनमन यांचा 2008 चा पेपर काढला, ॲब्स्ट्रॅक्टवरून नजर फिरवली आणि लिहून टाकलं: "किनेसिओ टेपिंग खांदेदुखीवर प्रभावी आहे."

सरांनी समासात तीन प्रश्न लिहून कागद परत दिला: कशावर? कधी? कुणापेक्षा? तुम्ही पेट देऊन सिनॉप्सिस लिहायला बसला असाल, तर हे तीन प्रश्न आत्ताच जवळ ठेवा.

आधी थोडी पार्श्वभूमी. ही लवचिक टेप जपानच्या केन्झो कासे यांनी 1970 च्या दशकात आणली. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये बीच व्हॉलीबॉलपटू केरी वॉल्शच्या खांद्यावर ती दिसली आणि जगभर पसरली. टेपमुळे त्वचा किंचित उचलली जाते, खाली रक्ताभिसरण सुधारतं, स्नायूला आधार मिळतो, असं तिचे समर्थक सांगतात. ऐकायला पटतं. पण पटणं वेगळं आणि मोजणं वेगळं.

कशावर? थेलेन यांच्या अभ्यासात 42 तरुण रुग्ण होते. सगळ्यांना रोटेटर कफचा, म्हणजे खांद्याच्या सांध्याभोवतीच्या स्नायूंच्या कंडरांचा त्रास. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एकाला खरी टेप, दुसऱ्याला नुसती दाखवायला लावलेली, ताण न दिलेली टेप. मोजमापं बरीच होती: वेदना, दैनंदिन कामातली अडचण आणि न दुखता हात किती हलतो. टेप लावल्यावर लगेच फरक दिसला तो एकाच ठिकाणी. न दुखता हात बाजूने वर नेता येण्याची मर्यादा खऱ्या टेपच्या गटात सरासरी 16.9 अंशांनी वाढली. वेदनेत आणि अडचणीत दोन गटांत फरक नाही. म्हणजे माझ्या वाक्यातला 'खांदेदुखीवर' हा शब्दच चुकीचा होता! आणि लाजेची गोष्ट ही, की लेखकांनी हे ॲब्स्ट्रॅक्टमध्येच स्पष्ट लिहिलंय. मी निष्कर्षाचं पहिलं वाक्य वाचून थांबले होते.

इथे आणखी एक आकडा बघा. 16.9 शेजारी प्रमाण विचलन आहे 23.2. सरासरीपेक्षा मोठं! वितरण साधारण नॉर्मल धरलं, तर हिशोबाने जवळपास चौघांतल्या एकाला काहीच फायदा नाही, किंवा हात उलट कमीच वर गेला. पी-व्हॅल्यू 0.005 आहे, त्यामुळे सरासरी फरक निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. पण अनेक मोजमापांतलं एकच चमकलं, की जरा सावध व्हायचं. आणि 'सरासरी वाढली' म्हणजे 'प्रत्येकाची वाढली' नव्हे.

कधी? टेप लावल्या लावल्या. तिसऱ्या आणि सहाव्या दिवशी पुन्हा मोजलं तेव्हा दोन गटांतला फरक उरला नव्हता. टेपच्या बाजूने कुणी म्हणेल, तेवढ्या वेळात व्यायाम तरी करून घेता येईल. मुद्दा रास्त आहे. पण तो या अभ्यासाने तपासलेला नाही. ते गृहीतक आहे, निष्कर्ष नाही.

कुणापेक्षा? इथे मला पेपरचं कौतुकही वाटतं आणि तक्रारही आहे. खोटी टेप वापरणं हे चांगलं डिझाइन, कारण रुग्णाला आपण कुठल्या गटात आहोत ते कळत नाही. (टेप लावणाऱ्याला मात्र कळतंच. 'डबल-ब्लाइंड' वाचलं की कोण कोण अंधारात होतं, ते विचारत जा.) पण अजिबात टेप नसलेला तिसरा गट नाही. त्वचेला नुसता स्पर्श होऊन बरं वाटलं का, की दुखणं आपोआप उतरलं, हे त्यामुळे वेगळं काढता येत नाही.

एका पेपरवर निकाल द्यायचा नाही, म्हणून पुढेही बघितलं. 2021 च्या कॉक्रेन आढाव्यात रोटेटर कफच्या त्रासावरच्या 23 चाचण्या, 1054 रुग्ण एकत्र पाहिले आहेत. पुराव्याची खात्री अत्यंत कमी, त्यामुळे फायदा होतो की नाही ते सांगता येत नाही, असा त्यांचा सूर आहे. लक्षात घ्या, 'फायदा नाही हे सिद्ध झालं' असं ते म्हणत नाहीत. या दोन वाक्यांची गल्लत आपण सर्रास करतो.

हे सगळं सांगितल्यावर आईने विचारलं, "मग काढून टाकू का?" मी म्हटलं, "ते फिजिओला विचार. पण व्यायाम सोडू नकोस." तिने टेप ठेवली आणि व्यायाम चुकवला, तो भाग वेगळा.

माझं दुरुस्त केलेलं वाक्य असं होतं: "रोटेटर कफचा त्रास असलेल्या 42 तरुण रुग्णांत, खोट्या टेपच्या तुलनेत, खऱ्या टेपने न दुखता हात बाजूने वर नेण्याची मर्यादा लगेच वाढली; वेदना व अडचणीत फरक आढळला नाही." लांबलचक आहे, मान्य. पण यातला प्रत्येक शब्द मी व्हायव्हात डिफेंड करू शकते. तुमच्या सिनॉप्सिसमधलं 'प्रभावी आहे' असलेलं एक वाक्य आज काढा आणि त्याला हेच तीन प्रश्न विचारून बघा.